नोकरीचं काही खरं नाही अशा काळात काही लोक शांत कसे राहतात? स्वभाव, की अजून काही?

काठावरची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज विचारतेच. आमच्याकडे गेले काही महिने माणसं कमी करणं चालू आहे. जाहीर असं काही नाही, पण मधूनच कुणीतरी ऑफिसच्या ग्रुपमधून गायब होतं, मग दोन दिवस कुजबुज, आणि त्याचं काम उरलेल्यांच्या बोकांडी. माझी झोप उडालीये, सुट्टी संपत आली की पोटात गोळा येतो, घरी कुणी साधं काही विचारलं तरी खेकसते.

माझ्याच टीममध्ये एक सीनियर बाई आहेत, घरी कमावणारं दुसरं कुणी नाही, कर्ज चालू, म्हणजे घाबरायचं कुणी तर त्यांनी. पण त्या शांत. "बघू, निघेल काहीतरी मार्ग" म्हणतात आणि खरंच कामाला लागतात. नाटक नाहीये ते, मी जवळून बघतेय.

तर प्रश्न असा की हे माणूस जन्मतःच घेऊन येतो का? की मन मुळात धड असतं म्हणून आशावादी राहणं जमतं, म्हणजे मी उलटीकडूनच बघतेय? सगळे मला सांगतात पॉझिटिव्ह राहा. राहा म्हणजे नक्की करायचं काय? कुणाचा अभ्यास असेल तर सांगा, सुविचार नकोत प्लीज.

शंकासुर
सुविचार नकोत याला +१. बाकी सवडीने लिहितो, पण आधी एक विचारतो: त्या बाईंना आतली खबर तर नाही ना, की आपलं नाव यादीत नाहीये म्हणून? 😀

काठावरची
नाही हो, त्यांचं नाव तर सगळ्यात आधी घेतात लोक.

अनवट
मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे लांबेल. कंटाळा आला तर सरळ पुढे सरका.

आशावाद मोजायचं काम नीट सुरू झालं १९८५ मध्ये. मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर या दोघांनी एक छोटी प्रश्नावली केली, १९९४ मध्ये सुधारली आणि ती अजून चालते. दहा वाक्यं, त्यातली चार नुसती भरताड, म्हणजे समोरच्याला कळू नये काय मोजतायत म्हणून घातलेली. मार्क सहांचेच. एक वाक्य साधारण असं आहे की काळ अनिश्चित असला तरी मी सहसा चांगलं होईल असं धरून चालतो. बस, इतकंच मोजतात. हसतमुख आहात का, रोज उत्साहात उठता का, असलं काही नाही. पुढे आपल्या बाबतीत काय होईल याबद्दलची सर्वसाधारण अपेक्षा, तिला इथे आशावाद म्हणतात. त्यामुळे तुमच्या त्या बाई आतून घाबरत असतीलही, तरी या हिशोबाने आशावादीच.

आता मुद्द्याचं. ही अपेक्षा असणारी माणसं अडचणीत वेगळी वागतात, आणि मनाला जो फायदा होतो त्यातला बराचसा या वागण्यातून होतो. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांची १९८४ ची मांडणी इथे कामाला येते. ताण आला की आपण दोन गोष्टी तोलतो: यात माझं काय जाणार, आणि यावर मी काय करू शकतो. त्यावर ठरतं आपण अडचणीलाच हात घालतो की स्वतःच्या मनाला सांभाळत बसतो. दोन्ही लागतं, एक चांगलं आणि एक वाईट असं नाही. आशावादी लोकांचं वैशिष्ट्य काय तर हातात काही असेल तर ते हात घालतात, नसेल तर झालंय ते झालंय म्हणून मान्य करतात, आणि टाळाटाळ, "असं काही नाहीच आहे" हा पवित्रा, हे त्यांच्यात कमी. २००६ मध्ये सोलबर्ग नेस आणि सेगरस्ट्रॉम या दोघींनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही हेच चित्र आलं.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला अभ्यास १९९६ चा आहे, लिसा अ‍ॅस्पिनवॉल आणि सहकाऱ्यांचा. आशावादी लोक वाईट बातमी टाळतात असं आपण धरून चालतो ना? तर त्यात उलटं निघालं, स्वतःच्या तब्येतीला असलेल्या धोक्याची माहिती आशावादी लोकांनीच जास्त लक्ष देऊन वाचली. म्हणजे डोळे मिटून बसणं वेगळं आणि हे वेगळं.

जन्मजात किती? जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून साधारण पाव ते एक तृतीयांश वाटा आनुवंशिक धरतात. उरलेलं वाढताना आणि जगताना घडतं.

आणि हो, उलटीकडूनही खरं आहे. मन खचलेलं असताना पुढचं सगळं काळंच दिसतं, ते नैराश्याचं लक्षणच आहे. सेगरस्ट्रॉमनेच कायद्याच्या विद्यार्थ्यांचा दहा वर्षं पाठपुरावा केला होता, त्यात ज्यांच्याभोवती माणसं वाढली त्यांचा आशावादही वाढलेला दिसला. म्हणजे रस्ता दुहेरी आहे.

शंकासुर
अनवट यांचं सगळं बरोबर असेल पण माझी अडचण वेगळीच आहे. हे सगळं ज्ञान शेवटी कुणाच्या हातात जातं? कंपनीच्या. मग ते काय करतात, तर हॉल भरून लोक बसवतात, एक माणूस कानाला माईक लावून येतो आणि सांगतो की परिस्थिती बदलत नसते, दृष्टिकोन बदला. आणि त्याच आठवड्यात तीन जणांचं काम एकाच्या टेबलावर. अरे, परिस्थिती तुम्हीच केलीये ना, मग ती बदलत नसते कसं म्हणता?

रॉबर्ट कॅरासेक नावाच्या संशोधकाने १९७९ मध्ये मांडून ठेवलंय की कामाचा रेटा जास्त आणि ते काम कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं यात स्वतःचं काही चालत नाही, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पिळते. नुसता रेटा असेल आणि हातात थोडं असेल तर माणूस निभावतो, कधीकधी त्यात रमतोसुद्धा. नंतर १९९६ मध्ये योहानेस सीगरिस्टने अजून एक जोडलं: जीव तोडून करायचं आणि बदल्यात पैसा, मान, नोकरीची खात्री यातलं काहीच मिळायचं नाही, यानेही तब्येत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस पार गळून जाणं, रोगांच्या नव्या वर्गीकरणात घेतलं, पण कसं? आजार म्हणून नाही, कामाशी निगडित गोष्ट म्हणून. म्हणजे त्यांनीही म्हटलं की हे कामाच्या जागी असलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणातून येतं. आणि आमच्याकडे उपाय काय, तर म्हणे श्वासावर लक्ष द्या.

आता मारिएनथालची गोष्ट सांगतो, ती वाचल्यापासून माझं मत पक्कं झालंय. व्हिएन्नाजवळची ही वस्ती, सगळं गाव एका कापड गिरणीवर, १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे जाऊन बारकाईने पाहिलं, १९३३ मध्ये छापलं. वेळच वेळ होता लोकांकडे, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं. रस्त्यावरून चालण्याचा पुरुषांचा वेग मंदावला, हे त्यांनी खरंच घड्याळ लावून मोजलं होतं. बायका मात्र भरभर चालायच्या, कारण घरचं काम काही बंद पडलं नव्हतं.

त्यांनी कुटुंबांचे चार गट केले. न मोडलेले, म्हणजे अजून बेत आखणारे, काम शोधणारे. मग निमूट झालेले, घर टापटीप, पोरांकडे लक्ष, पण पुढचा काही बेतच नाही, आणि गावात यांचीच संख्या सगळ्यात मोठी. मग हताश. आणि शेवटी सगळं सोडून दिलेले. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. घरात माणशी महिन्याला किती पैसे येतात हे काढलं तर पहिल्या गटात सरासरी ३४ शिलिंग, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २५ आणि शेवटच्यात १९. बेकारीचे भत्ते संपत गेले तसं माणूस एकेक पायरी खाली. तेव्हा आशावाद शिकवायच्या आधी ते पैसे किती येतायत ते बघा, इतकंच माझं म्हणणं.

दुपारची_पाळी
शंकासुर, प्रतिसाद आवडला, पण काठावरचीच्या हातात कंपनी बदलणं नाहीये ना. तिने विचारलंय मी काय करू.

माझी नोकरी गेलेली आहे, आधीच्या ठिकाणची, त्यामुळे थोडं त्या बाजूने लिहिते. मी तेव्हा रात्री पडल्या पडल्या नवीन नोकरीची स्वप्नं बघायचे, कशी केबिन असेल, जुन्या लोकांना कसं कळवीन, सगळं साग्रसंगीत. त्याने तेवढ्यापुरतं फार बरं वाटायचं आणि सकाळी एक अर्ज पाठवायचा कंटाळा. पुढे कळलं की यावर गाब्रिएले ओटिंगेनचं काम आहे. २००२ मध्ये तिने आणि डोरिस मायरने पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांचा दोन वर्षं मागोवा घेतला. ज्यांना वाटत होतं की आपल्याला नोकरी मिळेल, त्यांना जास्त ऑफर आल्या, पगारही बरा. पण जे नोकरी मिळाल्याच्या गोड कल्पनांत जास्त रमायचे त्यांनी अर्जच कमी पाठवले, ऑफर कमी आणि पगारही कमी. म्हणजे मिळेल असं वाटणं आणि मिळाल्याचं मनातल्या मनात जेवून घेणं, यात इतका फरक पडतो. मला कुणी हे आधी सांगायला हवं होतं.

दुसरं, लिहा. हसू नका. जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नोकरी गेलेल्या अनुभवी इंजिनिअर मंडळींना काही दिवस रोज थोडा वेळ नोकरी जाण्याबद्दल मनात जे येईल ते लिहायला लावलं, राग, अपमान, सगळं. दुसऱ्या गटाला वेळ कसा घालवला असलं कोरडं लिहायला दिलं. पहिल्या गटातल्या लोकांना नोकऱ्या लवकर लागल्या. आणि त्यांनी फोन, अर्ज काही जास्त केले होते असंही नाही. बहुतेक मुलाखतीत कडवटपणा बाहेर पडत नसावा, असा माझा अंदाज. माझा पहिला इंटरव्ह्यू आठवला की पटतं, मी जुन्या साहेबाबद्दलच बोलत होते निम्मा वेळ.

काठावरची
इतकं सगळं लिहिलंत, खरंच थँक्स सगळ्यांना. मारिएनथालचं वाचून जरा गप्पच झाले.

एक उपप्रश्न. मला सवय आहे वाईटात वाईट काय होईल ते आधी धरून चालायची. परीक्षेपासूनची आहे. घरचे म्हणतात तू स्वतःच संकट बोलावतेस. पण मी जबरदस्तीने चांगला विचार करायला गेले की अजून अस्वस्थ होते, जणू काही मी पहारा सोडून झोपलेय. मग मी बदलायचं का हे? की मी आपली अशीच?

अनवट
अजिबात जबरदस्ती करू नका. तुम्ही म्हणताय त्या प्रकारावर १९८६ पासून काम आहे, ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांचं. काही लोक अपेक्षा मुद्दाम खाली ठेवतात, काय काय बिघडू शकतं ते डोळ्यासमोर आणतात आणि त्या भीतीवर स्वार होऊन तयारी करतात. अशा लोकांना "काही होत नाही गं" म्हणून शांत करायला गेलं तर त्यांचं काम उलट बिघडतं. मुळात काळजी करणारे असतील तर त्यांच्यासाठी ही पद्धत चालते.

फक्त एक तपासा. तुमच्या त्या वाईटाच्या विचारातून शेवटी काही बाहेर पडतं का? म्हणजे आज बायोडेटा नीट केला, किती महिने पगाराशिवाय निघतील त्याचा हिशोब मांडला, जुन्या एका सहकाऱ्याला मेसेज टाकला, असं. पडत असेल तर ती तयारी आहे. नसेल आणि तेच ते रवंथ रात्री दोनला चालू असेल, माझंच नशीब असं, मीच कमी पडते, तर ती तयारी नाही, आणि त्याने नैराश्य वाढतं हे सुझन नोलेन-होक्सेमाच्या कामातून चांगलं दिसलेलं आहे.

त्यात अजून एक बारकावा. वाईट झालं की आपण त्याचं कारण स्वतःला कसं सांगतो, ते मार्टिन सेलिग्मनने तपासलं. कायमचंच आहे, सगळीकडेच असं आहे आणि माझ्यामुळेच आहे, ही तिहेरी सांगड माणसाला खाली ओढते. १९८६ मध्ये त्याने आणि शुलमनने विमा एजंटांवर पाहिलं, रोज नकार ऐकायचा धंदा तो, तर ज्यांची सांगायची पद्धत आशावादी ते विकायचेही जास्त आणि टिकायचेही जास्त. पण त्याच सेलिग्मनचं दुसरं ऐका. १९६७ मध्ये त्याने आणि स्टीव्हन मायरने कुत्र्यांवर प्रयोग केले होते, शॉक थांबवणं हातात नसेल तर पुढे सुटका शक्य असूनही कुत्री पडून राहायची. तेव्हा म्हणाले, असहायता शिकली जाते. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, दोघांनीच लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासात गळून जाणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया, शिकावं लागतं ते "यात माझं काहीतरी चालतं" हे.

हे तुम्हाला का सांगतेय, तर आधी आशावादी व्हा आणि मग करा, असा क्रम लावू नका. ज्यात तुमचं चालतं असं काहीतरी छोटं शोधा आणि ते करा. शंकासुर यांच्या कॅरासेकशीही हे जुळतं. मला नाही वाटत आम्ही दोघं फार वेगळं बोलतोय.

आणि झोप. सलग दोन आठवडे झोप, भूक बिघडलेली, कशातच रस नाही, स्वतःबद्दल नको नको ते विचार, असं असेल तर धाग्यावर वेळ घालवू नका, डॉक्टरकडे किंवा कौन्सेलरकडे जा. जगणंच नको असं वाटत असेल तर त्याच दिवशी.

शंकासुर
अनवट, जुळतं म्हणताय तर जुळतं, पण माझा कंपन्यांवरचा राग कमी झालेला नाही याची नोंद घ्यावी.

काठावरची
अनवट, नाही, तसे विचार नाहीयेत. पण झोपेचं दाखवून घेते. आणि तुम्ही म्हणालात तो पैशाचा हिशोब कालच मांडला, वाटला होता तितका भयानक निघाला नाही. दुपारची_पाळी, लिहायचं म्हणजे वहीत की मोबाईलवर पण चालेल?

दुपारची_पाळी
कशावरही. फक्त कुणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही आणि चुकूनही ऑफिसच्या लॅपटॉपवर नको 😀

अजून एक राहिलं. मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी बेकार झालेल्यांसाठी एक शिबीर बसवलं होतं, १९८९ मध्ये त्याचे निकाल आले. त्यात अर्ज, मुलाखत हे शिकवायचेच, पण एक भाग असा की नकार येणारच आहे, तो आला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय करीन, हे आधीच ठरवून ठेवायचं आणि गटात बोलून दाखवायचं. शिबिराला गेलेल्यांना कामं बरी मिळाली आणि ज्यांना मिळाली नाहीत तेही कमी खचले. मला हे फार उपयोगी वाटलं. नकाराची मेल आली की त्या दिवशी फक्त एका ओळखीच्याला फोन, बाकी काही नाही, असं मी ठरवलं होतं.

तिसरा_मजला
मी दुसऱ्या बाजूचा, टीम लीड आहे. शिव्या घालण्याआधी ऐका. माझ्या टीममध्येही हेच चालू आहे, मला वरून जे कळतं त्यातलं निम्मं सांगायला मनाई आणि निम्मं मलाच माहीत नसतं. लोक विचारतात तेव्हा मी "काळजी करू नका, आपली टीम सेफ आहे" म्हणतो, कारण दुसरं काय म्हणणार? अनवट, शंकासुर, माझ्यासारख्याने काय करावं, यावर आहे का काही?

शंकासुर
सेफ आहे हे तुम्हाला माहीत नसताना सांगताय, तिथेच घोटाळा. ते खोटं ठरलं की पुढचं खरंही कुणी ऐकणार नाही.

अनवट
यावर थेट प्रयोग आहे. डेव्हिड श्वायगर आणि अँजेलो डेनिसी, १९९१. दोन कंपन्या एक होणार होत्या, दोन कारखाने घेतले. एका ठिकाणी नेहमीसारखं वरून एक पत्र आणि मग शांतता. दुसरीकडे लोकांना खरं काय होणार ते नियमित सांगायचे, कुणाची जागा जाणार, कुणाची बदली, प्रश्न विचारायला फोनची सोय, प्रमुखाच्या आठवड्याला बैठका. बातमी वाईटच होती दोन्हीकडे. घोषणेने दोन्हीकडचे लोक हादरले, पण सांगणाऱ्या कारखान्यात अनिश्चितता आणि ताण पुढे वाढायचा थांबला, कंपनी आपल्याशी प्रामाणिक आहे ही भावना सावरली. न सांगणाऱ्या ठिकाणी घसरण चालूच राहिली.

तेव्हा तुम्ही तीन गोष्टी वेगळ्या करून सांगू शकता: हे मला माहीत आहे, हे माहीत नाही, आणि हे माहीत आहे पण सांगता येत नाही. शिवाय पुढची बातमी तुमच्याकडून कधी येईल ती तारीख. लोकांना पुढच्या शुक्रवारपर्यंत तरी निवांत झोपता येतं.

तिसरा_मजला
आणि शुक्रवारी सांगण्यासारखं काहीच नसलं तर?

काठावरची
तर शुक्रवारी येऊन "आज काही नाही" असं सांगा. आमच्या लीडने एवढं जरी केलं असतं ना, तर मी हा धागा काढला नसता.